सायलेन्सर कुणाचा?

३ मार्च
पेपर वाचला आणि सकाळ नासली. विजेच्या गाड्या काढायला मोटार कंपन्यांना सरकारी अनुदान! चाळीस वर्षं नफा ओरपला, आता झोळी पसरून दारात उभे. मी सायलेन्सर बनवतो. सरकारचा पैसा कधी घेतला नाही. (कुणी दिला नाही, हा भाग वेगळा.) संकल्प: वीस तारखेला उद्योजक संघाच्या सभेत या भिकेची सालटी काढायची.
माझे सायलेन्सर घेणाऱ्या मोटार कंपनीच्या खरेदी साहेबांना फोन केला. एप्रिलच्या ऑर्डरचं नंतर बोलू म्हणाले. म्हणजे ऑर्डर मोठी असणार.

६ मार्च
मेव्हणा आला. बॅटरीचे डबे बनवायला अनुदान घेतलंय निर्लज्जाने. म्हणे, दाजी, सुटे भाग बनवणाऱ्यांनाही योजना आहे, वीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत अर्ज घेतात, टाका करून. मी त्याला स्वाभिमानावर पाऊण तास सुनावलं. तो मोबाइल बघत होता. बहुधा मुद्दे टिपून घेत असावा.

११ मार्च
शेडमध्ये भाषणाची तालीम. कामगार हातातलं काम टाकून स्तब्ध. (लाइट गेली होती.) सुपरवायझरने विचारलं, साहेब, एप्रिलमध्ये आम्हाला काम आहे ना? बावीस घरं चालतात यावर. मी म्हणालो, गाडी आहे तोवर धूर आहे, धूर आहे तोवर आपण आहोत. विजेची गाडी हे खेळणं. शंभर पावलांवरून ओळखतो मी.
घरी बायको म्हणाली, अहो, जन्मभर गाड्यांचा आवाज बंद केलात, एकदा स्वतःचा करून बघा. तिला वक्तृत्वातलं कळत नाही.

१६ मार्च
नवा विचार. सायलेन्सरवाल्यांना सरकारने पैसे दिले तर ते अनुदान नव्हे, नुकसानभरपाई. त्यात तत्त्व मोडत नाही. अर्जाला काय लागतं ते मेव्हण्याला सहज विचारलं. तो हसला. हलकट.
सभा संपली की अर्ज देऊन येईन. आधी तत्त्व.

२० मार्च
गाजवली! बोलायला वीस मिनिटं दिली होती, दीड तास बोललो. पुढच्या रांगेतला एक जण डोळे मिटून ऐकत होता. खरेदी साहेबांनी स्वतः कंपनीच्या नव्या गाडीतून घरी सोडलं. काय गाडी! आवाज म्हणून नाही. मी म्हणालो, याला म्हणतात सायलेन्सर. आपलाच ना? साहेब खोकले. तुमचा नाही, म्हणाले.
म्हणजे दुसऱ्या कुणी चोराने ऑर्डर पळवली. उद्या शोधून काढतो.

२१ मार्च
शोरूममध्ये जाऊन त्याच गाडीखाली उताणा शिरलो. इस्त्रीच्या शर्टात. मेकरचं नाव शोधलं. नाव नाही. पाइप नाही. मागे काहीच नाही. सेल्समन वाकून म्हणाला, काका, काही पडलं का?
हो म्हणालो.
अर्जाची मुदत काल सहाला संपली. तेव्हा मी टाळ्यांसाठी थांबलो होतो.

२९ मार्च
ऑर्डर शून्य. मेव्हण्याचा फोन. दाजी, तुमचे बावीसही जण मी घेतो. शेडही भाड्याने द्या. आणि उद्घाटनाला बोलायला माणूस हवाय. विषय, अनुदानाचे फायदे.
मी ठणकावून सांगितलं, अर्ध्या तासापेक्षा कमी बोलणार नाही.
दहा मिनिटं म्हणाला.
मुद्दे काढायला बसलोय.