ताट वाजवणारा

जळकोट, शुक्रवार

प्रिय ज्ञानू,

फोन तीनदा लावला आणि तू उचलायच्या आत तीनदा कापला. तुझा आवाज ऐकला असता तर मी हवापाण्यावर बोलून मोकळा झालो असतो. म्हणून लिहितोय. उद्या सकाळी भागवत दुधाची गाडी घेऊन मुरुमला येणार आहे, त्याच्याच हातात देतो. अण्णांची तब्येत बरी असेल. तुझ्याकडं आहेत म्हणजे असणारच. माझ्याकडं चार दिवस राहिले तरी त्यांना तुझ्या अंगणातली कुत्री आठवतात.

खरं सांगू? मी तुझ्यावर जळतो. आजचं नाही हे. आपल्या कारवानी जातीच्या कुत्रीची पिल्लं लोकांना द्यायच्या आधी अण्णा ताट वाजवायला लावायचे, आठवतं? दीड महिन्याची पिल्लं खेळत असायची. मी मागून पितळी ताटावर पळी मारायचो आणि तू समोर बसून कुणाचे कान हलतात ते बघायचीस. ज्याचे हलले नाहीत ते बहिरं. ते घरीच ठेवायचं, आणि त्या जोडीची पिल्लं पुन्हा घ्यायची नाहीत. एकदा मी म्हटलं, आज मी बघतो. अण्णा म्हणाले, “ताट कुणी बी वाजवतंय रं. बघायला ज्ञानूच पायजे.” मी बारा वर्षांचा होतो, तू नऊची. सगळे हसले, तूही हसलीस. तू विसरली असशील. मी नाही विसरलो.

लग्न होऊन तू मुरुमला गेलीस आणि कुत्र्यांचं सगळं नाव तिकडं गेलं. लोक तुझ्याकडच्या पिल्लासाठी वर्ष-वर्ष थांबतात. तू आधी त्यांच्या घरी जाऊन जागा बघतेस, नाही पटलं तर चहा पिऊन परत येतेस. वर सांगतेस, सांभाळणं झालं नाही तर माझ्या दारात आणून सोडा. मला हे सगळं नाटक वाटायचं. माझं पंक्चरचं दुकान हायवेला लागून. माझी कुत्री चांदी दर वेळी माजावर आली की मी पिल्लं घ्यायचो आणि ती जरा चालायला लागली की टोपलीत घालून रस्त्याकडेला विकायला ठेवायचो. गाड्या थांबायच्या. पण थांबणारा प्रत्येक जण विचारायचा, मुरुमच्या बाईंकडचं आहे का?

म्हणून तर दिवाळीत तुझा कुत्रा सुलतान जोडीला मागितला. तू लगेच आणून सोडलास, चांदीसाठी खुराकही आणलास, आणि त्याचाही मला रागच आला. ज्ञानू, चांदीनं त्याला जवळसुद्धा येऊ दिलं नाही. चार दिवस आधीच तिचा सख्खा भाऊ शेरा तिला लागला होता. मी दोघांना वेगळं बांधलं नव्हतं. कंटाळा, दुसरं काय. न्यायला आलीस तेव्हा तू विचारलंस, जमलं का? मी म्हटलं, जमलं. तुझ्यासमोर चुकलो म्हणणं जिवावर आलं. पुढं पाच पिल्लं झाली. त्यातली चार मी सुलतानची म्हणून महिन्याच्या आत देऊन टाकली. ताट वाजवलं नाही.

शिट्टी ऐकत नाही म्हणून महालिंगप्पा मेंढक्यानं त्याचं पिल्लू तुझ्या दारात आणून सोडलं, ते मला कळलं. मग नळदुर्गच्या ढाबेवाल्याचं आलं. मागं येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्याला ऐकू आला नाही, थोडक्यात वाचलं. तू दोन्ही ठेवून घेतलीस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मुरुमच्या बाईंच्या कुत्र्यातच खोट निघाली, असं लोक दुकानात बसून बोलायचे आणि मी टायर काढत ऐकत राहायचो.

काल उमाबाई आत्या आली होती. म्हणाली, सोमवारी तू सुलतानची नसबंदी करायला नेणार आहेस. दोष त्याचाच, आता त्याची पिल्लं नकोत म्हणालीस. अण्णांच्या जुन्या कुत्र्यांच्या वंशातला तो शेवटचा, म्हणून अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत, तरी तुला नको म्हणाले नाहीत. आत्या गेल्यावर मी फळीवरून तेच पितळी ताट काढलं. पाचातलं एक पिल्लू माझ्याकडंच राहिलंय, दारात सावलीला बसून चप्पल चावत होतं. त्याच्या मागं जाऊन जोरात वाजवलं. चांदी दचकून उठली, शेजारच्या कोंबड्या उडाल्या. त्याचा कान हलला नाही. पुन्हा वाजवलं. ते चप्पलच चावत राहिलं.

सोमवारी सुलतानला नेऊ नकोस. त्याचा काही दोष नाही. नसबंदीला चांदीला आणि शेराला मी घेऊन येतो, डॉक्टरांना तेवढं सांगून ठेव. महालिंगप्पाकडं आणि ढाब्यावर मी स्वतः जाऊन खरं काय ते सांगेन. हे बहिरं पिल्लू मात्र तुझ्या दारात आणणार नाही, ते माझं आहे. पत्र अण्णांना वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. आणि एवढं त्यांना जरा मोठ्यानं ऐकव, की या वेळी ताटही मीच वाजवलं आणि कान बघायलाही मीच होतो.

तुझाच,
रामहरी दादा