रोडगा नाकारल्याचा खुलासा

बीबी, रविवार

मंजुश्रीताई,

सविनय जयभीम. भाऊजींचा गुडघा अन् तुह्या सासूबाईंचा राग, दोन्ही उतरणीले लागले असतील अशी आशा करतो. इकडं सगळं बरं हाय. (तू फोन उचलून नाही राह्यली, म्हणून पत्र.)

तुह्या घरी रोडग्याच्या पंगतीत माह्या मयुरीनं जे केलं, त्याचा खुलासा देतो. पोरगी पाच वर्षांची, पण मामला तीन महिन्यांचा हाय. डॉक्टरनं तिच्या आईले, पुष्पांजलीले सांगितलं, गहू जन्मभर बंद, कणभर पोटात गेला तरी आतडं बिघडते. आता हे पोरीले समजवायचं कोणी? मी मास्तर माणूस (चौथीचा वर्ग, एकवीस वर्षांचा अनुभव), म्हटलं मीच सांगतो. सांगितलं, की गव्हाचं अन् आईचं भांडण झालं. पोरीनं आधी विचारलं, सुरुवात कोणी केली. मंग गव्हाचे चार दाणे आणून आईच्या भाकरीवर ठेवले अन् दोघांची दिलजमाई करून दिली. पुष्पांजलीनं दाणे वेचून बाजूले केले, भाकर खाल्ली, अन् त्याच दुपारपासून दोन दिवस अंथरुणाले खिळली. मयुरी कोपऱ्यात बसली, जेवेचना.

तेव्हा त्या बाईनं, धड उठता येत नव्हतं तरी, पोरीले जवळ घेऊन सरळ सांगितलं. भांडणबिंडण काही नाही, गहू चांगला हाय, तू खुशाल खाय, माह्या पोटाले तो सोसत नाही. कधीच नाही? कधीच नाही. तुले वाईट वाटते? वाटते, म्हणे, पोळीचा वास आला की वाटते. ताई, मी दारात उभा होतो. एकवीस वर्षांत मी एका लेकराले इतकं खरं काही शिकवलं नाही. मले बायकोचा लई अभिमान वाटला.

तर पंगत. तुह्या सासूबाई, जनकाबाई, आग्रहाच्या पक्क्या. एका रोडग्यानं काय होते, म्हणत त्यांनी तुपात बुडवलेला गव्हाच्या कणकेचा रोडगा पुढं केला, तवा मयुरीनं आईच्या ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "आजी, दुखलं तर तुम्ही बसान काय तिच्यापाशी?" ऊन तूप हातावर सांडलं, पण पोरीनं हात काढला नाही. तुले तो अपमान वाटला. मी वरणात तोंड खुपसून बसलो होतो, पण मनातून मले टाळ्या वाजवाव्या वाटल्या. वळण नाही म्हणतेस, तर हेच वळण मले माह्या घरात पायजे.

मोठ्यांले नमस्कार, लहानांले पापा, अन् तू फोन उचल.

तुहा भाऊ,
प्रसेनजित

ता. क. आपल्या मायचं दगडी जातं तुह्या मोरीजवळ पडलं हाय, ते एखाद्या जीपवाल्याजवळ पाठव. गिरणीत गव्हाच्या मागं ज्वारी दळली की पिठात गहू येतो. दळाले मी बसणार हाय.

ता. क. आणखी. पुष्पांजली त्या चार दाण्यांनी आजारी पडली नव्हती. गिरणी साफ करून घ्या, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मी घाईत गव्हाच्या मागंच ज्वारी टाकून पीठ घरी आणलं. तीन महिने पोरगी ते आपल्या अंगावर घेऊन राह्यली, अन् मी घेऊ दिलं. आज पत्र लिहिता लिहिता तिले सांगितलं. मंग आईपाशी जाऊन म्हणे, "माह्यानं नव्हतं झालं." दोघी रडल्या. आता जेवून राह्यल्या. मले अजून कोणी हाक मारली नाही.