रूबेनची लांब विजार

हडर्सफील्ड,
बुधवार, २७ मे १९०८

ती. केझियाआत्यास,
सेलिनाचा शि. सा. न. वि. वि.

आधी एक दुरुस्ती. बाबांनी रूबेनला ग्रामर स्कूलचे कपडे आणले, असं मी रविवारच्या पत्रात कळवलं होतं. ते खरं नव्हतं. मी नुसतं पुडकं पाहिलं होतं, उघडलं नव्हतं. तू शेजारणींना सांगितलं असशीलच, तर कृपा करून परत जाऊन खरं काय ते सांग. पुडक्यात ना शाळेची टोपी निघाली, ना रुंद पांढरी कॉलर, ना गुडघ्यापर्यंतची विजार. निघाली ती लांब विजार, जाड, काळपट, गिरणीत जाणारी पोरं घालतात तसली.

आपल्या गल्लीत याचा अर्थ काय, हे तुला सांगायला नको. तरी मी वेड्यासारखी विचारायला गेले, की बाबा, त्या शाळेत एवढ्या वयाच्या मुलांना आखूड विजार लागते ना? बाबा बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, शाळेत कोण चाललंय? व्हिटसनच्या सणाची सुट्टी संपली की तो माझ्याबरोबर गिरणीच्या रंगखात्यात येणार. मी म्हटलं, अहो, शिष्यवृत्ती मिळालीय त्याला, सगळ्या पोरांत एकट्याला. तर म्हणाले, घरात एक मास्तरीण आहेच, ती जेवताना माझं बोलणं सुधारते. दुसराही शिकला की मला ताट घेऊन कोळशाच्या तळघरात बसावं लागेल.

रूबेनला दुकानातून आल्यापासून काही विचारलं की मांजर उचलून परसात जातो.

माझा जीव टांगणीला लागलाय तो व्हिटसनच्या रविवारामुळे. सगळी पोरं नवे कपडे घालून दारोदार दाखवत फिरणार, शेजारी त्यांच्या खिशात नाणं टाकणार. रूबेन एकदा त्या लांब विजारीत गल्लीतून फिरला की तो कामकरी झाला. मग आखूड विजारीत परतणं त्याला जन्मात जमायचं नाही, आणि चारचौघांत झालेली गोष्ट बाबा कधी फिरवत नाहीत. आई असती तर तिनं सांभाळून घेतलं असतं. आता ते ऐकतील तर तुझंच. काही सुचलं तर लगेच लिही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
सेलिना


स्कारबरो,
सोमवार, १ जून

चि. सेलिनास,
केझियाआत्याचे अनेक आशीर्वाद.

शेजारणींना सांगून झालं होतं. परत जाऊन काही सांगणार नाही. आधी काय ठरतंय ते ठरू दे, मग एकदाच सांगेन. माझ्या तोंडाचीही काही अब्रू आहे.

तुझ्या पत्रामागोमाग शनिवारी रात्रीच्या गाडीनं तुझा बापच येऊन उभा राहिला. तुला त्यानं चॅपलच्या गायनमंडळाबरोबर जातो म्हणून सांगितलं असेल. मला म्हणाला, समुद्राची हवा खायला आलोय. जोशुआला समुद्राचा वाससुद्धा सोसत नाही. मी बटाटे सोलत बसले. दोन खारे मासे संपवल्यावर तो भिंतीकडे बघून बोलायला लागला.

ते दोघं आधी शाळेच्या दुकानातच गेले होते गं. जायच्या आधी त्यानं सोडा आणि वाळू लावून हात घासले, सालटं निघेपर्यंत. पण इतक्या वर्षांची रंगाची निळाई नखांतून कशी निघायची? दुकानातल्या, केसांना तेल चोपडलेल्या पोऱ्यानं कॉलरींचा ट्रे पुढे ठेवला. जोशुआनं कापड चाचपायला हात केला, तर त्यानं ट्रे मागे ओढून वर कागद पसरला. तुझ्या बापानं तेही गिळलं. मग स्वतःसाठी हातमोजे मागितले. शाळेच्या पहिल्या दिवशी रूबेनला दारापर्यंत सोडायला जायचं तर हात झाकलेले असावेत, असं त्याच्या मनात. पोऱ्यानं विचारलं, साहेबांच्या हाताचं माप काय? कुठले साहेब, असं हा म्हणाला. तर तो म्हणाला, ज्यांनी तुला पाठवलं ते, या मुलाचे वडील.

जोशुआनं वळून पाहिलं. रूबेन लांब जाऊन टोप्यांच्या कपाटाशी पाठ करून उभा होता.

तिथून निघून हा थेट बाजारात गेला आणि ती विजार घेतली. मी म्हटलं, त्या गाढवाच्या लाथेपायी पोराची शाळा मोडतोस? तर म्हणाला, त्या पोऱ्याचं मला काही नाही, तो कुठं माझा आहे? पोरगं माझं आहे. शाळेत पाऊल टाकायच्या आधीच इतकं लांब सरकलं, पुढं कुठवर जाईल?

मी आणखी एक मासा वाढला.

तुला यातलं काही बोलणार नाही, असं मी त्याला वचन दिलंय. लिहिण्याबद्दल त्यानं काही म्हटलं नव्हतं.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
तुझी आत्या, केझिया


हडर्सफील्ड,
बुधवार, ३ जून

ती. आत्यास,
सेलिनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी काल रूबेनला कोठीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आधी म्हणाला, मला टोप्या बघायच्या होत्या. मग रडायला लागला. हे माझे बाबा आहेत, एवढंच त्याला त्या पोऱ्याला सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले आणि तिथंच अडकले. आपलं तोंड बाबांना दिसू नये म्हणून तो वळला. परत वळेपर्यंत बाबा रस्त्यावर होते. मला म्हणाला, ताई, तूच सांग त्यांना. मी म्हटलं, हे दुसऱ्यानं सांगायचं नसतं. संध्याकाळी तो बिचारा बाबांसमोर जाऊन उभाही राहिला. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं ते मिटलंच नाही.

माझ्या पगारातून शाळेचे कपडे गुपचूप आणावेत, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण तसं केलं तर शिकलेल्या दोघांनी संगनमत करून बापाला वगळलं, असंच होईल. त्यांची भीती आपणच खरी करायची. म्हणून बाबांना घेऊन त्याच दुकानात जायचं, त्याच पोऱ्यासमोर. मी त्यांचा हात धरून चालेन, आणि रूबेननं त्याचं वाक्य तिथं बोलायचं. बाबांना घरी नळावर हात घासू दिले की त्यांना वाटेल आपल्याला त्यांची लाज वाटते, म्हणून त्यांना गिरणीच्या फाटकातच गाठायचं.

रूबेनचं वाक्य पुन्हा तोंडातच अडकेल. बाबा सगळ्या गिरणीदेखत माझा हात झिडकारतील. दोन्ही होऊ शकतं, आणि तसं झालं तर रविवारी ती विजार गल्लीतून फिरेल. मी रात्रभर हाच हिशेब केला, उत्तर काही येत नाही. सगळं ठीक होईल, असं तू लिहू नकोस. ते तुलाही ठाऊक नाही.

माझ्या हातून हे बिघडलं तरी तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
सेलिना

ता. क. बाबांना यातलं काही कळवू नकोस. रूबेनला सांगितलंय, जुनी आखूड विजारच घालून ये. गिरणी दुपारी सुटायच्या आधी आम्ही दोघं फाटकाशी उभे असू, येत्या शनिवारी, ६ जूनला.