जुन्या इंजिनाचा ठोका

मांडवी, रत्नागिरी
ता. १६ नोव्हेंबर १९३६

चि. सदू यास मथुराआत्येचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवार, ता. १४ रोजी सायंकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी मांडवीचे सगळे विजेचे दिवे गेले, बंदरावरच्या दिव्यासकट. वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. तक्रारीत आधी वेळ, मग संताप, हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मला छडीने शिकवले.

मुंबईची आगबोट नुकतीच बाहेर उभी राहिली होती आणि भागोजी तांडेलाचा पडाव तीस उतारू घेऊन धक्क्याकडे निघाला होता. लाट नव्हती. हवा अशी धुरकट, की पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे लागते ते कळेना. वीज कंपनीने त्या दिवशी नवे इंजिन प्रथमच एकटे चालवले होते. ते म्हणे आवाज करीत नाही. मरतानाही केला नाही.

आम्हां बायकांना राहवले नाही. माणूस दर्यावर असला की दारात कंदील धरायचा, ही इथली रीत तुला ठाऊक आहे. येसूबाईने धरला, राहीने धरला. मी तर इस्पितळातून निवृत्त होताना मिळालेली गॅसबत्ती घेऊन परड्याच्या दगडी गडग्यावर चढले. बघता बघता सारा किनारा उजळला, जणू चांदण्या माडांखाली उतरून गप्पा मारायला बसल्या. मला स्वतःचे फार कौतुक वाटले. पण पडाव येईना. तासभर येईना.

शेवटी इंजिनवाल्या काशीरामाने कुणालाही न विचारता जुने इंजिन सुरू केले. दिवा लागायला आणखी पाव तास गेला, पण तो ओळखीचा ठक् ठक् ठोका आधीच पाण्यावरून चालत गेला होता, आणि पडाव त्याचे बोट धरून घरी आला.

बक्षीस म्हणून कंपनीने काशीरामाला लेखी ठपका दिला, बंद होणाऱ्या यंत्राला हात का लावला म्हणून. ता. १ डिसेंबरला ते इंजिन मोडीत निघणार, तेही तुझ्या कचेरीच्या परवानगीने. आणि ता. ५ ला तुझी बहीण जनी पहिल्या बाळंतपणाला त्याच आगबोटीने यायची आहे. हे काय चालवले आहेस?

तुझी, तूर्त रागावलेली,
मथुराआत्या

मुंबई
ता. १९ नोव्हेंबर १९३६

ती. मथुराआत्येच्या चरणी सदूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपले पत्र कचेरीत उघडले आणि उभे राहून वाचले. इतकी सवय अजून आहे.

परवानगीवर सही माझीच. नियम असा, की जुने यंत्र बंद करण्यापूर्वी कंपनीने नोटीस लावावी, हरकती मागवाव्या, आणि नवे यंत्र गावाला पुरेल हे दाखवावे. नोटीस लागली होती. मांडवीतून एकही हरकत आली नाही. नवे इंजिन दुप्पट दिवे लावते, ते आकडे मी स्वतः तपासले. ते न थांबता किती दिवस चालते, हे विचारणारा रकाना छापील नमुन्यात नाही, आणि मलाही सुचले नाही.

जनीने आंबा घाटातून मोटारीने यावे असे मी सुचवले. तिने उलट कळवले, की घाटातले गचके खाण्यापेक्षा ती पोहत येईल. आपल्याच वळणावर गेली आहे.

एक वाट आहे. ता. २७ पर्यंत हरकत हाती आल्यास परवानगी तहकूब ठेवता येते. मात्र तीत घडले ते सर्व यावे लागेल. दिवे इतके असून पडाव तासभर का आला नाही, तेही. भागोजीला विचारावे.

रागातून उरेल तेवढा लोभ मला ठेवावा.

आपला,
सदू

मांडवी, रत्नागिरी
ता. २३ नोव्हेंबर १९३६

चि. सदू यास आशीर्वाद. वि. वि.

भागोजीला विचारले. तो म्हणाला, की किनारभर कंदील पाहून धक्का कुठला ते उमगेना, म्हणून सर्वांत मोठा उजेड तो बंदराचा, असे धरून त्याने पडाव वळवला. तो उजेड माझा होता. माझ्या गडग्याखाली काय खडक आहेत, ते तुझ्या गुडघ्यांना आठवत असेल. खडक चार हातांवर आला तेव्हा काशीरामाचे इंजिन बोलले. भागोजीने हे नऊ दिवस कुणाला सांगितले नाही. बाईंना वाईट वाटेल, म्हणाला.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मी त्या गडग्यावर असते. पाणी दुधासारखे. पडाव हळूहळू माझ्याकडे येतो, पुढे जनी बसलेली, हसते आहे, आणि मी बत्ती आणखी उंच धरते. मग ठोका ऐकू येतो. जागी झाले तरी तो थांबत नाही, कारण काशीराम अजून रोज दुपारी जुने इंजिन तासभर चालवतो, ठपका खिशात ठेवून.

आता तुझी नोटीस. ती इंग्रजीत होती आणि इंजिनाच्या शेडच्या आतल्या भिंतीवर होती. आमच्या आळीत ती वाचू शकणारी मी एकटी, आणि मला कुणी आत बोलावले नाही.

हरकत सोबत जोडली आहे. एकतीस बायकांच्या सह्या आणि अंगठे, पहिली सही माझी, आणि माझ्या बत्तीची हकीकत पहिल्याच कलमात. नवे इंजिन एक अख्खा पावसाळा न थांबता चालून दाखवीपर्यंत जुने तयार ठेवावे, आणि काशीरामाचा ठपका मागे घ्यावा, एवढेच मागणे. ता. ५ ला कुणीही कंदील धरायचा नाही असे आम्ही ठरवले आहे. येसूबाई रडली. रिकाम्या हातांनी दारात उभे राहणे किती कठीण, ते तुझ्या कुठल्याच रकान्यात मावायचे नाही.

उत्तर लेखी आणि तुझ्या सहीचे हवे. सोमवार, ता. ३० नोव्हेंबर, सायंकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांच्या आत ते माझ्या हातात पडले पाहिजे. न पडल्यास मी खुर्ची घेऊन इंजिनाच्या शेडात बसेन. तीस वर्षे बाळंतिणींच्या उशाशी बसले आहे. येणारे माणूस सुखरूप आल्याशिवाय मी उठत नसते.

तुझी आत्या,
मथुरा