सगळ्यांनाच असते

मंगळवार, दवाखाना बंद करून आल्यावर

पाचूबंदरच्या मासळीवाल्या फिलूमावशींची दाढ आज मला काढावी लागली. गेल्या नाताळात तिच्यात एवढीशी कीड होती. मावशी घाबरल्या होत्या, म्हणून मी म्हटलं, "कीड सगळ्यांनाच असते." खरंच असते, दिवसभर मी दुसरं बघते काय? पण "तरी लगेच भरून घ्या" म्हणाले होते का? आठवत नाही. खोटं कशाला लिहू, नव्हते म्हणाले.

आज त्या रागावल्यासुद्धा नाहीत. गालात कापूस धरून म्हणाल्या, "तुमीच बोललात ना, सगल्यांनाच असते. मंग मी बिनघोर रायले." वर सुके बोंबील देऊन गेल्या. मी घेतले. कशी घेऊ शकले?

त्यांच्यानंतर एक मास्तर आले, तेही घाबरलेले. त्यांच्या दाढेतली कीड बघितली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सगळ्यांनाच असते."