बिननावाचं बोलावणं

२९ एप्रिल १९६२, लोणखेडा

आलो एकदाचा! शहाद्याहून बैलगाडीत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसलो होतो, लेकरासारखा. बन्सीलाल पाटलांनी केळीच्या बागेकडची खोली दिलीय. मोठी, गार, आणि वीजही आहे. त्यांच्या पत्नी जसोदाबाईंनी आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ताक पुढं केलं.

पुण्यात माझं डोकं फिरलंय असं ठरलेलं आहे. काम तसं साधं. गळ्यातला एखादा आलाप फितीवर घ्यायचा, तुकडा कापायचा, दोन्ही टोकं चिकटवून कडं करायचं आणि ते यंत्रावर फिरवत ठेवायचं. तोच स्वर पुन्हा पुन्हा, खोलीभर. कान देऊन ऐकायचं नाही, नुसतं त्यात बसायचं. रेडिओवरचे साहेब दरवेळी फीत परत करतात आणि विचारतात, अच्युतराव, यात गाणं कुठं आहे? जूनमध्ये शेवटची संधी. नाही जमलं तर दादाच्या छत्र्यांच्या दुकानात बसायचं. जन्मभर.

३ मे

वैताग आलाय. बागेतल्या बायका यंत्र पाहून पदर तोंडाला लावून हसतात. भटू सालदाराला हाळी द्यायला सांगितलं तर तो नुसता खाकरत राहिला. माझा स्वतःचा गळा कड्यात घातला की शेळी ओरडते. उन्हानं फितीचे जोड सुटतात. कशाला आलो इथं?

७ मे, आखाजी (आपली अक्षय्य तृतीया)

सापडला!

भर दुपारी जसोदाबाई उंबऱ्यात उभ्या राहून घरातल्या गेलेल्या माणसांना जेवायला बोलावत होत्या. समोर निखाऱ्यांचं खापर. एकेकाचं नाव घ्यायचं, "या, जेवाले या" म्हणायचं आणि त्याच्या नावानं सांजोरीचा घास निखाऱ्यांवर टाकायचा. यंत्र लावू का म्हणून विचारलं, तर हसून मान हलवली. त्यांचा तो "या" लांबत गेला तसा माझ्या अंगावर काटा आला. असा गळा मी पुण्यात ऐकलेला नाही.

८ मे

कडं तयार. नावं कापून टाकली. दोधू, नानीबाई असं काही मध्ये आलं की स्वर मोडतो. उरलं ते निव्वळ "या... जेवाले या...". यंत्रातला जुनं पुसणारा भाग कागदानं झाकला. आता प्रत्येक फेऱ्यात खोलीतला आवाजही फितीवर चढत जातो, जुन्यावर नवा. मी गप्प बसून होतो. दिवसभर फिरवलं. खूप दिवसांनी रडू आलं, आनंदानं.

१० मे

फितीत भलतेच आवाज आलेत. पाट सरकल्याचा. मग दुसरा पाट. बांगड्या. माझ्या खोलीत एकही पाट नाही. यंत्राला मनसोक्त शिव्या घातल्या, उघडून पाहिलं, बिघाड सापडेना. पण खोटं कशाला लिहू, त्यानं काम आणखीच सुंदर झालंय.

१२ मे

जसोदाबाईंना ऐकवलं. वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहराच उतरला. नावं कोठे गयात, म्हणाल्या. मी समजावलं. मग हळूच म्हणाल्या, "नाव लिसन बलावं तं आपलाच येतस, भाऊ. बिननावनं बलावं तं कोनबी येस. आनि आयेलले उपाशी कसं धाडशात? कोनना नावना घास टाकशात?"

आजच्या आज पुसून टाका, असं बजावलं त्यांनी. मला संताप आला. आयुष्यात एकच गोष्ट धड जमली आणि ती पुसू? फाडकन नाही म्हणालो. त्या उठून गेल्या.

१४ मे

यंत्र बंद. फीत डब्यात. तरी दुपारी "या..." ऐकू आलं. मागोमाग पाट.

जेवायला चव नाही. समोर आलेला भात चिपाडासारखा. आधीच कुणी खाऊन झाल्यासारखा.

१६ मे

उद्या फीत टपालात टाकायचीच. शेवटचं तपासलं. आता त्यात शब्द आहेत. "वाढा." म्हातारे, बाया, एक अगदी लहान. "वाढा." खोलीत दिसत काही नाही, पण दारातून आत येताना अंग चोरावं लागतं —

१७ मे

भीती वाटते. सरळ लिहितो, भीती वाटते. खापरात निखारे घेतले, घास टाकले. नाव कुणाचं घेऊ? धूर वर जात नाही, माझ्याच तोंडावर येतो —

पुसतो. साहेब गेले खड्ड्यात. छत्र्या विकीन.

फक्त एकदा ऐकतो आधी. इतकं चांगलं पुन्हा होणार नाही माझ्या हातून —

दुपार

वाढा म्हणायचे थांबले. सगळे एकदम.

"या" आहे. आवाज जसोदाबाईंचा नाही — आणि "या"च्या आधी नाव आहे. मी तर सगळी नावं कापली होती —

"अच्युत... या, जेवाले या..."

किती सुरेल —

वायर काढली. फिरतंय.

पाट दिसतो आता. मधोमध, एकच. भोवती सगळे बसलेत, हात धुऊन. ताट कुठंच नाही. वाढायला काही नाही म्हणून — मला त्या पाटावर —

उठलो कधी मी? उभ्यानं लिहितोय. पाय आपले आपणच — नाव घेतलं की यावंच ला