कप्तानाचा खिसा कुठल्या बाजूला?

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त कागदावरच.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांना सकाळी तेच उठवतात? इथे आम्ही दोघं बरे आहोत आणि अण्णा तर इतके बरे आहेत की त्यांच्यापायीच माझी कंबर गेली. ते कसं, ते सविस्तर लिहितो. फोनवर सांगायला गेलं की तू मध्येच हसतेस आणि मला राग येतो.

तुला ती जहाजाची जुनी मालिका आठवते ना? आपण जमिनीवर पालथे पडून बघायचो आणि अण्णा मागे खुर्चीत वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग करायचे. त्या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा आमच्या इथल्या सभागृहात भरणार असल्याचं हिने कुठेतरी वाचलं आणि जेवताना सहज बोलून गेली. आई गेल्यापासून अण्णा जेवताना ‘मीठ’ आणि ‘पुरे’ या दोन शब्दांवर भागवत होते. त्या दिवशी हातातला घास खाली ठेवून म्हणाले, “मी कप्तान होऊन जाणार. कोट तू शिव.” मी म्हटलं, अण्णा, मी सोफे शिवतो. तर म्हणे, “सोफ्याला पाठ असते, हात असतात. माणसाला आणखी काय असतं?” मी मापाची टेप आणायला उठलो. (सोफ्याचीच.)

कोट मात्र पडद्यावर दिसायचा तस्साच हवा. तुला स्वभाव माहीत आहे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. औषधाच्या बाटलीवरची वेलांटी चुकली असेल तर आधी ती सुधारतात, मग औषध घेतात. तेव्हा आम्ही चित्रं गोळा करायला लागलो आणि जितकी चित्रं तितके कोट निघाले. पोस्टरवरचा कोट लालसर, पण ते पोस्टर म्हणे चित्रीकरणाआधीच कुणीतरी मनाने रंगवलेलं. खेळण्याच्या खोक्यावरचा जांभळा (कारखान्यात जांभळं प्लॅस्टिक उरलं असावं, हा माझा अंदाज). इतर हौशी मंडळींनी शिवलेल्या कोटांचे फोटो इंटरनेटवर ढिगाने सापडले, पण नीट पाहिल्यावर कळलं की दुसऱ्याने पहिल्याचं बघून शिवलंय आणि तिसऱ्याने दुसऱ्याचं. कॉलरची एकच चूक सगळीकडे इमानदारीने उतरलेली. शेवटी एका जुन्या मासिकातला मोठा फोटो मिळाला. कप्तान जहाजाच्या कठड्याशी उभा, टाका न् टाका दिसावा इतका स्वच्छ. मग बाकी सगळं आम्ही केरात काढलं. इतकं स्वच्छ दिसतंय म्हणजे खरंच असणार, असं मला वाटलं. ताई, माणसांच्या बाबतीतही माझं हेच होतं.

कोट शिवून झाला. छातीवर उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरकी पट्टी, डाव्या बाजूला एकच खिसा. (सोफ्याच्या मशीनवर वाकून वाकून कंबर गेली ती इथे.) पण रंगावरून घरात जुंपली. मी निळं कापड आणलं होतं. हिला ते हिरवट वाटत होतं आणि अण्णा म्हणत होते की दुकानदाराने मला मातकट कापड देऊन फसवलं. हिने जास्त वाद न घालता त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही चांगला पिकलेला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर अण्णा घरी आले ते चपला न काढता थेट कोटासमोर उभे राहिले. एक डोळा हाताने झाकला आणि म्हणाले, “निळा.” मग दुसरा झाकला. “मातकट.” पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. आम्हाला आधी हसू आलं, मग येईना. “इतकी वर्षं?” एवढंच ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. बसल्या बसल्या भिंतीवर लावलेल्या त्या मासिकातल्या फोटोकडे नजर गेली आणि ताडकन उठले. “अरे, जहाजाचं नाव उलटं आहे!” कप्तानाच्या मागे जहाजाच्या नावाची पाटी होती. तिच्यावरची अक्षरं आरशात दिसावीत तशी होती. मासिकाने अख्खा फोटोच उलटा छापला होता. म्हणजे पट्टी उलटी, खिसा उलटा, आणि मी सगळ्यांत उलटा.

त्यानंतर अण्णांनी मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली. उजव्या खिशातून डाव्या हाताने होकायंत्र काढणारा कप्तान दोन निरनिराळ्या भागांत सापडला, तेव्हाच त्यांनी खिशाचा निकाल दिला. रंगासाठी तो पांढऱ्या शिडाजवळ उजेडात उभा राहीपर्यंत थांबले. म्हणाले, जे पांढरं असल्याचं आपल्याला ठाऊक आहे, ते आधी पांढरं दिसतंय का बघावं, मगच बाकीच्या रंगांवर विश्वास ठेवावा. कोट निळाच निघाला. मी तो उसवला आणि पुन्हा शिवला.

मेळाव्यात कप्तानांची नुसती गर्दी होती. बाया, पुरुष, एक जण तर तान्ह्या कप्तानाला कडेवर घेऊन आलेला. आणि ताई, एकूण एक खिसा डावीकडे! सगळ्यांनी तोच फोटो बघितलेला. तिथल्या वेशभूषा स्पर्धेच्या परीक्षक बाई अण्णांजवळ आल्या आणि फार मायेने, हलक्या आवाजात म्हणाल्या, “आजोबा, कोट सुरेख आहे. खिसा तेवढा चुकीच्या बाजूला लागलाय.”

मी घाईने अण्णांची बाही धरली. (याच गृहस्थांनी माझ्या लग्नाची पत्रिका व्याह्यांसमोर लाल शाईने दुरुस्त केली होती.) अण्णांनी सभागृहभर नजर फिरवली. लोक एकमेकांच्या पट्ट्या सारख्या करत होते, फोटो काढत होते, खिदळत होते. “असं का?” अण्णा म्हणाले. “शिवणारा घरचाच आहे, काय करणार!” आणि शेजारच्या कप्तानीणबाईंना त्यांची कॉलर कशी शिवली ते विचारायला गेले.

परतताना मी चिडून विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाले, “सगळे खुशीत होते. आणि मला आता त्याचा पगार कोण देतंय?” मग घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. वाटेत दिसणाऱ्या पाट्यांचे, दारांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग मला एकेक करून सांगत होते.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता.क. अण्णा कोट घरातही घालतात. सोफ्यावर बसले की कापड सारखंच असल्यामुळे पटकन सापडत नाहीत. (हो, उरलेल्या कापडाचं मी कव्हर केलं.)

ता.क. दुसरा: दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, काळजी नको. पण काल त्यांनी मला विचारलं, आई शेवटी शेवटी रोज घालायची तो स्वेटर नक्की कुठल्या रंगाचा होता? ते त्याला मातकट म्हणायचे आणि ती चिडायची. मी अल्बम काढून दिला. एका फोटोत करडा, एकात जांभळा, एकात धड काहीच नाही. त्यांनी अल्बम मिटला आणि म्हणाले, यातलं काही धरता येणार नाही. ताई, स्वेटर तू नेला होतास ना? धुवू नकोस, फोटो पाठवू नकोस. स्वेटरच पाठव. त्यांनी तो अजून पाहिलेला नाही.